बुरुजातल्या लवंगा

मोंतेविदेओत शनिवारी संध्याकाळी
बाबा गच्चीवर जाऊन चांदण्या मोजतात.
तीन दिसल्या की शब्बाथ सुटला.
त्यांच्या ब्रोदी गावचा ध्रुव इथवर पोचत नाही.
इथे जूनमध्ये डोक्यावर येतो
तो दक्षिणेचा क्रूस.
"बघ पेर्ला," ते दर वर्षी म्हणतात,
"ज्यूला शब्बाथ सोडायला शेवटी क्रूसच मोजावा लागतो.
तीनच मोज. चौथीकडे बघू नकोस."

मग खाली टेबलाशी.
पेला बशीत सांडेपर्यंत भरायचा,
बरकत अशीच सांडत राहावी म्हणून.
वेणी घातलेली मेणबत्ती नोएमीच्या हातात;
"उंच धर, तेवढा उंच नवरा मिळेल,"
असं तिला सांगते माझी नणंद,
जिनं स्वतः ती छतापर्यंत धरली होती
आणि लग्न केलंच नाही.

आणि तो बुरूज.
वीतभर उंच, चांदीचा,
टोकाला निशाण, फुंकर मारली की फिरणारं.
चार कोपऱ्यांत चार शिपाई, एकाचा भाला तुटका.
मधोमध घड्याळ, त्यात कायमचे सव्वासात.
बोटीतून आला आईच्या उशीच्या अभ्र्यात,
एका अंगाला पोचा पडला, तो कुणी काढला नाही.
दाराची बिजागरी गेली,
तिथे आईनं टाचणी अडकवली, ती अजून आहे.

आई गेली त्याला तीन वर्षं.

त्या शनिवारी बाबांनी मंत्र म्हटला,
सुगंधाच्या नाना जाती निर्माण करणाऱ्याला,
डोळे मिटून बुरूज नाकाशी नेला,
मान हलवली, माझ्याकडे दिला.
मी हुंगला, मान हलवली.
नवऱ्यानं हलवली, नणंदेनं हलवली.
आठ वर्षांच्या नोएमीनं हुंगला,
पुन्हा हुंगला,
कानाशी धरून हलवून पाहिला
आणि म्हणाली, "आजोबा, यात काहीच वास नाही."

मेणबत्तीचं मेण तेवढं टपटपत होतं.

लवंगा आई बदलायची.
दर नव्या वर्षाआधी, कुणाला न सांगता.
तीन वर्षं आम्ही खिळ्यांसारख्या सुक्या काड्या
अदबीनं हुंगत होतो,
एकमेकांना आणि देवाला
नाक वर करून फसवत होतो.

बाबा खुर्चीत बसले.
"मला कुठे माहीत," म्हणाले,
"कातड्याच्या कारखान्यात नाक कधीच गेलं.
चुन्यानं नेलं की त्या रसायनांनी, देव जाणे.
फ्रुमाला ठाऊक होतं.
ती माझ्याशेजारी उभी राहून हळूच सांगायची,
आज दालचिनी जास्त आहे,
आज जरा शिळा आहे.
मी तिच्या तोंडून वास घेत होतो."

ज्याला वास येत नाही
त्यानं तो मंत्र म्हणू नये, असं शास्त्र आहे.
बाबांना शास्त्र पाठ.
किती शनिवार झाले, मी हिशोब केला नाही.

पुढच्या आठवड्यात नोएमीनं टाचणी काढली,
जुन्या लवंगा कुंडीत ओतल्या,
नव्या भरल्या, आणि वर
अंगणातल्या सेद्रोनची चुरगळलेली पानं,
जी आमच्या कुठल्याच पूर्वजानं पाहिली नव्हती.
मंत्र तिनं म्हटला. दोनदा अडखळली.
बाबांनी फक्त आमेन म्हटलं,
मग वाकून विचारलं, "कसा आहे?"

तिनं खूप वेळ विचार केला.
"लिंबासारखा," म्हणाली, "पण लिंबू रागावलेलं नसताना."

बाबांनी नखं ज्योतीसमोर धरली,
बोटांची सावली तळव्यावर पडली.
पवित्र आणि रोजचं, उजेड आणि अंधार
एकेक निवडून बाजूला केलं,
तांदळातून खडे काढावेत तसं.
मेणबत्ती वाइनमध्ये बुडाली, चर्र झाली.

अंधारात आपल्या भाषेतला एक शब्द मला आठवला:
वास. येतो तोही, राहणं तोही.
बुरुजाचं दार उघडंच राहिलं होतं.
टाचणी कुठे पडली ते
आम्ही दिवा लावून शोधत होतो.